दुकानाची पायरी न चढण्याचें व्रत

महिन्याच्या सामानाची यादी करणें हें आपल्या घरांतील एक नित्याचें काम आहे. तांदूळ कोणता घ्यावा, तूरडाळ स्वच्छ कोठें मिळते, गूळ कोल्हापूरचा कीं आणखी कोठला, याविषयीं सासूसुनांत व जावाजावांत भरपूर चर्चा होते. दोन पैसे वांचत असतील तर चार पावलें अधिक चालण्यासही आपली तयारी असते. परंतु ज्याच्या दुकानीं आपण इतक्या निष्ठेनें जातों, तो आपल्या नोकरांना कसा वागवितो, हातीं आलेल्या नफ्याचें काय करतो, दिलेला शब्द पाळतो कीं नाहीं, हे प्रश्न त्या यादींत कधींच नसतात. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचा संबंध माल आणि दाम यांपुरताच, असें आपण गृहीत धरून चालतों. हें गृहीत कितपत खरें, याचा विचार करावयास लावणारी एक गोष्ट अमेरिकेंत सन २०१४ च्या उन्हाळ्यांत घडली. तींत एका कुटुंबाची भाऊबंदकी आहे, पंचवीस हजार नोकरांचें धाडस आहे, आणि असंख्य गृहस्थ व गृहिणींनीं कोणीही न सांगतां पाळलेलें एक व्रत आहे. ती वाचकांपुढें ठेवून तिजपासून आपणांस घेण्यासारखें काय आहे, तें पाहण्याचा आमचा विचार आहे.

एक आजोबा, दोन नातू

अमेरिकेच्या ईशान्येस मॅसॅच्युसेट्स नांवाचें राज्य आहे. त्यांतील लॉवेल हें गांव एके काळीं कापडाच्या गिरण्यांसाठीं प्रसिद्ध होतें, आणि गिरण्यांच्या आश्रयानें देशोदेशींचे कष्टकरी लोक तेथें येऊन राहिले होते. ग्रीस देशांतून आलेल्या अथानासिओस डेमूलस व त्यांची पत्नी एफ्रोसिनी या दांपत्यानें सन १९१७ मध्यें तेथें खाद्यपदार्थांचें एक लहानसें दुकान काढलें. सन १९५४ मध्यें टेलेमॅकस आणि जॉर्ज या त्यांच्या दोघां मुलांनीं तें आईबापांकडून पंधरा हजार डॉलरांस विकत घेतलें, आणि पुढील पंधरा वर्षांत एका दुकानाचीं पंधरा दुकानें केलीं. हीं नवीं दुकानें म्हणजे ज्यांस तिकडे सुपरमार्केट म्हणतात तीं. धान्य, भाजी, दूध, फळें, साबण, सारें एका छपराखालीं मांडलेलें, आणि गिऱ्हाइकानें हातगाडी ढकलीत आपल्या हातानें उचलून घ्यावयाचें, अशी ही व्यवस्था आतां आपल्याकडील शहरांतही ओळखीची झाली आहे.

दोघां भावांचा एकमेकांवर पूर्ण विश्वास होता. एकाच्या मागें त्याच्या बायकामुलांचा सांभाळ दुसऱ्यानें करावा, अशी त्यांची परस्परांत समजूत होती. सन १९७१ मध्यें जॉर्ज हे ग्रीसमध्यें गेले असतां एकाएकीं वारले. विधवा भावजय आणि चार मुलें यांचा वांटा टेलेमॅकस यांच्या हातीं राहिला. आणि येथें, जें आपल्याकडेही कित्येक वाड्यांत घडलें आहे, तेंच घडलें. पुष्कळ वर्षांनीं जॉर्ज यांच्या मुलांच्या ध्यानांत आलें कीं मुळांत निम्मा असलेला आपला वांटा कागदोपत्रीं घटत घटत आठ टक्क्यांच्या आसपास येऊन ठेपला आहे. सन १९९० मध्यें खटला सुरू झाला. सन १९९४ मध्यें ज्यूरीनें जॉर्ज यांच्या वारसांच्या बाजूनें कौल दिला, आणि अखेर न्यायालयाच्या हुकुमानें कंपनीचे ५०.५ टक्के भाग त्या शाखेकडे आले. ज्या घरानें भावाच्या घराचें बुडविलें, त्याच घराच्या हातून थोडक्या फरकानें कां होईना बहुमत गेलें.

ग्रीक लोकांतही आपल्याप्रमाणेंच आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची चाल आहे. त्यामुळें दोन्ही घरांतील मुलाचें नांव एकच, आर्थर. टेलेमॅकस यांचे चिरंजीव ते आर्थर टी., आणि जॉर्ज यांचे चिरंजीव ते आर्थर एस. एकाच आजोबांच्या नांवाचे हे दोन चुलतभाऊ पुढें एकमेकांसमोर उभे राहिले, आणि त्यांच्या भांडणांत तीन राज्यांतील स्वयंपाकघरें ओढलीं गेलीं.

नफा कोणाचा?

सन २००८ मध्यें आर्थर टी. हे कंपनीचे मुख्य झाले. 'मार्केट बास्केट', म्हणजे बाजारची टोपली, असें या दुकानांचें साधें नांव. आणि त्यांचा थाटही बेताचाच होता. भाव मात्र आजूबाजूच्या दुकानांहून कमी. गिऱ्हाइकानेंच यंत्रापुढें उभें राहून आपला हिशेब उरकावा, ही पैसे वांचविणारी नवी पद्धत त्यांनीं आणली नाहीं. तेथें माणूसच ठेवला. पिशव्या भरून देण्यासाठीं लागलेला शाळकरी मुलगा वीस वर्षांनीं त्याच दुकानाचा व्यवस्थापक झालेला असे. कामगारसंघ नसतांही वेतन बरें होतें; शिवाय नोकराच्या निवृत्तीसाठीं त्याच्या वेतनाच्या पंधरा टक्क्यांपर्यंत रक्कम नफ्यांतून बाजूस टाकली जाई. सन २००८ च्या आर्थिक कोसळण्यांत त्या निवृत्तिनिधीचे चार कोटी साठ लाख डॉलर बुडाले, तेव्हां आर्थर टी. यांनीं ती तूट कंपनीच्या पैशांतून भरून काढली. कायद्यानें त्यांस तसें करणें भाग नव्हतें. हे धनी आपल्या नोकरांस नांवानें ओळखतात, त्यांच्या घरचें दुखणें-बाणें विचारतात, असें नोकर अभिमानानें सांगत.

दुसऱ्या शाखेची बाजूही येथें सांगितली पाहिजे. कंपनीचे अर्ध्याहून अधिक भाग ज्यांचे, त्यांस नफ्यांतून आपला वांटा मागण्याचा अधिकार नाहीं, असें कोण म्हणेल? आर्थर टी. हे संचालकमंडळास जुमानीत नाहींत, कंपनीचा पैसा स्वतःच्या मर्जीप्रमाणें खर्च करितात, असा त्यांचा आक्षेप होता. अनेक वर्षें त्याच शाखेंतील एक विधवा सून आपलें मत आर्थर टी. यांच्या पारड्यांत टाकीत असे, म्हणून त्यांचें चाललें. सन २०१३ मध्यें तिनें बाजू बदलली आणि सत्ता आर्थर एस. यांच्याकडे गेली. त्याच वर्षीं कंपनीच्या गंगाजळींतून तीस कोटी डॉलर भागधारकांस वांटून देण्यांत आले. त्यानंतर सन २०१४ च्या आरंभीं आर्थर टी. यांनीं गिऱ्हाइकांसाठीं वर्षअखेरपर्यंत जवळजवळ सर्व मालावर चार टक्के सूट जाहीर केली. नफा साठला, हें दोघांनाही मान्य होतें. तो भागधारकांचा, नोकरांचा कीं गिऱ्हाइकांचा, एवढाच वाद होता. आणि व्यापारनीतीचे बहुतेक सारे वाद अखेर या एकाच प्रश्नाशीं येऊन थांबतात.

ओस पडलेलीं दुकानें

२३ जून २०१४ रोजीं संचालकमंडळानें आर्थर टी. यांस पदावरून दूर केलें, आणि त्यांच्याबरोबर दोघां जुन्या अधिकाऱ्यांसही काढलें. त्यांच्या जागीं बाहेरून आणलेले दोन नवे मुख्य अधिकारी नेमले. असे प्रकार मोठ्या कंपन्यांत नेहमींच होतात. वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर चार ओळी येतात आणि दुसऱ्या दिवशीं दुकान पूर्ववत् चालतें. येथें तसें झालें नाहीं. धन्यास परत आणा, एवढी एकच मागणी घेऊन नोकर उभे राहिले. जुलैच्या मध्यास त्यांनीं मंडळास निर्वाणीचा खलिता दिला. १८ जुलै रोजीं ट्यूक्सबरी या गांवीं कंपनीच्या मुख्य कचेरीपुढें मोठी सभा भरली. वखारींतील माणसांनीं आणि मालमोटारी हांकणारांनीं माल पोंचविणें थांबविलें. मंडळानें आठ पुढाऱ्यांस कामावरून काढलें. त्यानें आग विझण्याऐवजीं भडकली.

तेव्हां या कंपनीचीं मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर व मेन या तीन राज्यांत ७१ दुकानें आणि सुमारें पंचवीस हजार नोकर होते. थोड्याच दिवसांत भाजीपाला, फळें, मांस यांच्या फळ्या रिकाम्या पडल्या. आणि या लढ्याचें खरें नवल पुढेंच आहे. दुकानांतील नोकर बहुतांशीं कामावर हजर होते. ते दाराशीं उभे राहून आपल्याच गिऱ्हाइकांस विनंती करीत होते, "कृपा करून येथें कांहीं घेऊं नका." नोकर दुकानांत उभा आणि गिऱ्हाइकास परत पाठवितो, असें दृश्य व्यापाराच्या इतिहासांत विरळाच सांपडेल.

आणि गिऱ्हाइकांनीं तें ऐकिलें. ज्या बायका वर्षानुवर्षें त्याच दुकानांतून आठवड्याचा बाजार करीत होत्या, त्या अधिक पैसे मोजून दुसरीकडे जाऊं लागल्या. कित्येकांनीं त्याहून एक पाऊल पुढें टाकलें. दुसऱ्या दुकानांत केलेल्या खरेदीच्या पावत्या आणून त्यांनीं मार्केट बास्केटच्या काचांवर चिकटविल्या. 'हे पाहा, हे पैसे तुमचे होते. तुमच्या वागण्यानें ते दुसऱ्याकडे गेले,' असा त्या चिठ्ठ्यांचा अर्थ होता. घोषणा देणें सोपें असतें. परंतु स्वतःच्या खिशांतून अधिक खर्च करून त्याचा लेखी पुरावा धन्याच्या दाराशीं लावणें यांत जो निश्चय आहे, तो व्याख्यानांत नसतो. कांचा पावत्यांनीं भरून गेल्या. विक्री नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे वृत्तांत प्रसिद्ध झाले. शंभराहून अधिक नगराध्यक्षांनीं व विधिमंडळाच्या सभासदांनीं नोकरांस पाठिंबा दिला. अखेर मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर देव्हाल पॅट्रिक व न्यू हॅम्पशायरच्या गव्हर्नर मॅगी हॅसन यांसही तडजोडीच्या बोलण्यांत पडावें लागलें.

या व्रताची झळ कोणास लागली, हेंही लपवून चालणार नाहीं. विक्रीच नाहीं म्हणून अर्धवेळ काम करणाऱ्यांचे तास कापले गेले. ज्यांचा माल तेथेंच जात असे, त्या लहान पुरवठादारांचा धंदा बसला. ज्यांच्या घराजवळ तेवढें स्वस्त दुसरें दुकान नव्हतें, अशा गरीब कुटुंबांस तो उन्हाळा महाग गेला. बहिष्काराचें शस्त्र धन्यावर उगारलें तरी त्याचा पहिला ओरखडा पुष्कळदा दुबळ्याच्याच अंगावर उठतो. म्हणून तें सहज उगारावयाचें शस्त्र नव्हे.

२७ ऑगस्ट २०१४ च्या रात्रीं तडजोड झाली. आर्थर टी. यांच्या शाखेनें दुसऱ्या शाखेचे ५०.५ टक्के भाग दीडशे कोटींहून अधिक डॉलर देऊन विकत घेण्याचें ठरविलें. त्यासाठीं भलें मोठें कर्ज काढावें लागलें. दुसऱ्या दिवशीं ट्यूक्सबरी येथें एका मालमोटारीवर उभें राहून आर्थर टी. यांनीं नोकरांचे आभार मानिले, आणि रिकाम्या फळ्या पुन्हां भरूं लागल्या. सुमारें सहा आठवड्यांत, कामगारसंघ नसतां, कोठेंही दगडफेक न होतां, भागधारकांच्या बहुमतास नोकर आणि गिऱ्हाईक यांनीं मिळून नमविलें.

कथेचें पुढचें पान

गोष्ट येथें संपली असती तर ती सुबोध बालकथेसारखी झाली असती. परंतु खऱ्या जगांतील गोष्टींस पुढचें पान असतें. बाहेरची शाखा निघून गेल्यावर कंपनी आर्थर टी. व त्यांच्या बहिणी यांच्या हातीं राहिली, आणि बहुमताचे भाग तिघीं बहिणींकडे होते. अकरा वर्षांनीं, सन २०२५ च्या मे महिन्यांत, संचालकमंडळानें आर्थर टी. यांस सक्तीच्या रजेवर पाठविलें. ते मंडळाची देखरेख मानीत नाहींत, आपल्या मुलांकडेच कारभार जावा अशी त्यांची खटपट आहे, पुन्हां काम बंद पाडण्याचा त्यांचा बेत आहे, असे आरोप झाले. त्यांच्या बाजूनें ते नाकारण्यांत आले. सप्टेंबर २०२५ मध्यें त्यांस पदावरून काढण्यांत आलें. या खेपेस मात्र सन २०१४ प्रमाणें दुकानें ओस पडलीं नाहींत.

यांतून कोणी असा निष्कर्ष काढील कीं पहिला लढा व्यर्थ होता. आम्हांस तसें वाटत नाहीं. परंतु त्यांतील एक वैगुण्य या पुढच्या पानानें उघड केलें, हें खरें. त्या वेळीं लोकांनीं जी मागणी केली, ती एका माणसाची होती. निवृत्तिनिधि कायम राहील, भाव वाढणार नाहींत, नोकरांचा एक प्रतिनिधि मंडळावर बसेल, असें कांहीं लेखी पदरांत पाडून घेतलें नाहीं. चांगला धनी परत आला म्हणजे सारें आलें, असें मानिलें. चांगला राजा मिळावा ही प्रजेची इच्छा स्वाभाविक आहे. पण राजा चांगला असो वा नसो, कारभार चांगला चालेल अशी घडी बसविणें हें त्याहून शहाणपणाचें. शिवाय ज्या धन्यासाठीं लोकांनीं उन्हांत उभें राहून आपली रोजी पणास लाविली, त्याच्याच घरानें पूर्वीं भावाच्या लेंकरांचा वांटा गिळल्याचें न्यायालयानें ठरविलें होतें. बापाच्या दोषाचें ओझें मुलावर घालूं नये, हें मान्य. तरी नोकरांशीं उदार असणारें घर भाऊबंदांशींही न्यायी असतेंच असें नाहीं, एवढा धडा तरी त्यांतून घ्यावा. कौरव कोणते आणि पांडव कोणते, हें प्रत्येक भाऊबंदकींत इतक्या सहजपणें सांगतां येत नाहीं.

शब्दाची कुळकथा

ज्या इंग्रजी शब्दानें हें व्रत जगभर ओळखलें जातें, तो 'बॉयकॉट' शब्द एका माणसाच्या आडनांवावरून आला आहे. आयर्लंडांतील मेयो परगण्यांत कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा एका जमीनदाराचा कारभारी होता. सन १८८० मध्यें खंडासंबंधींच्या तंट्यांत कुळांनीं त्याच्याशीं सर्व व्यवहार तोडले. शेतांत मजूर येईना, दुकानदार माल देईना. त्याचें पीक काढण्यासाठीं उत्तरेकडून सुमारें पन्नास माणसें आणावीं लागलीं, आणि त्यांच्या रक्षणासाठीं शेंकडों शिपायांचा पहारा बसवावा लागला. पिकाच्या किंमतीच्या अनेक पट खर्च पहाऱ्यावरच झाला, आणि वर्ष संपण्यापूर्वीं बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला.

त्याच आयर्लंडांत शंभर वर्षांनीं दुकानाच्या गल्ल्यावर हा शब्द पुन्हां जिवंत झाला. १९ जुलै १९८४ रोजीं डब्लिन शहरांतील डन्स स्टोअर्स या दुकानांत मेरी मॅनिंग नांवाच्या एकवीस वर्षांच्या मुलीनें दक्षिण आफ्रिकेंतून आलेलीं ग्रेपफ्रूट विकण्याचें नाकारलें. तेथील वर्णभेदी राजवटीचा माल हाताळावयाचा नाहीं, असा तिच्या कामगारसंघाचा ठराव होता. तिला कामावरून दूर करतांच तिच्या मोजक्या सहकारिणी व एक सहकारी तिच्याबरोबर बाहेर पडले. थोडक्या संपभत्त्यावर, थंडीपावसांत, त्यांनीं सुमारें पावणेतीन वर्षें दुकानापुढें पहारा दिला. अखेर सन १९८७ मध्यें आयर्लंडच्या सरकारनें दक्षिण आफ्रिकेच्या मालावर बंदी घातली, तेव्हांच तो संप संपला. येथें कोणा धन्यास परत आणावयाचें नव्हतें, कीं स्वतःचें वेतन वाढवून घ्यावयाचें नव्हतें. मागणी तत्त्वाची होती, म्हणून ती कायद्यांत उतरली आणि टिकली. दक्षिण आफ्रिकेशीं व्यापार तोडणारा पहिला देश आपला हिंदुस्थान, आणि तेंही सन १९४६ मध्यें, हें येथें सांगितल्यास कोणी बढाई म्हणणार नाहीं.

आपल्या भाषेंत मात्र 'बहिष्कार' हा शब्द दोन तोंडांचा आहे. सन १९०६ च्या कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेनंतर स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री लोकमान्यांनीं महाराष्ट्राच्या घरोघर पोंचविली. आपल्या पणज्यांनीं परदेशी साखर व विलायती कापड टाकलें तें या बहिष्कारापायीं. परंतु त्याच शब्दाचें दुसरें रूप आपल्याच समाजानें पोसलें. सन १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहा घेतला म्हणून रानडे, टिळक यांच्यासारख्या पुरुषांवर ग्रामण्य झालें. हा तर सुशिक्षितांतला तंटा. त्याहून शतपट क्रूर असा बहिष्कार ज्यांच्या वांट्यास पिढ्यान् पिढ्या आला, त्यांच्या वतीनें डॉ. आंबेडकरांनीं सन १९२७ मध्यें आपल्या पत्राचें नांवच 'बहिष्कृत भारत' असें ठेविलें. जातपंचायतींनीं माणसांस वाळींत टाकण्याचे प्रकार पुढेंही चालू राहिले, म्हणून महाराष्ट्रास २०१६ सालचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला.

हे दोन बहिष्कार एक नव्हेत. एक बलवानानें दुबळ्याचें पाणी तोडण्याचा, तर दुसरा अनेक दुबळ्यांनीं मिळून एका बलवानाच्या दुष्कृत्यास आपला पैसा नाकारण्याचा. पहिला माणसास त्याच्या जन्मासाठीं शिक्षा करतो. दुसरा कृत्यास करतो, आणि कृत्य सुधारतांच मागें घेतला जातो. ज्या समाजानें पहिल्याचें पाप केलें आहे, त्यानें दुसरा हातीं घेतांना हा भेद विसरतां कामा नये.

घरांत काय करावें?

वाचक म्हणतील, अमेरिकेंतील कथा ऐकली. आतां आमच्या यादीचें काय? आम्हांस सुचतात त्या चार गोष्टी थोडक्यांत सांगतों.

पहिली, ऐकीव गोष्टीवरून कोणाचाही धंदा बुडवूं नये. अमक्याच्या तेलांत भेसळ आहे, तमक्यानें नोकरास मारलें, अशा वदंता सकाळीं उठतात आणि संध्याकाळीं चार गांवीं पसरतात. खरें-खोटें पडताळून पाहण्याचा त्रास जो घेत नाहीं, त्यास शिक्षा देण्याचा अधिकार नाहीं. मार्केट बास्केटच्या गिऱ्हाइकांस काय घडलें तें प्रत्यक्ष दुकानांतील ओळखीच्या माणसांकडून कळलें होतें.

दुसरी, दुकान सोडण्यापूर्वीं दुकानदारास कारण सांगावें. मुकाट्यानें निघून गेलेलें गिऱ्हाईक त्याच्या लक्षांतही येत नाहीं. आलें तरी भाव महाग पडले असतील, असें तो समजतो. 'पोऱ्यास बारा तास उभा ठेवतां, त्यास बसावयास स्टूल द्या. नाहीं तर आमचें खातें बंद करा,' असें शांतपणें सांगितलें तर त्याचें वजन पडतें. काचेवरच्या पावत्यांचा गुण तोच होता. त्या बोलत होत्या.

तिसरी, मागणी नेमकी असावी आणि ती पुरी होतांच परत जावें. परतण्याची वाट ज्यांत नाहीं, तो बहिष्कार सूडाकडे झुकतो. आणि ज्यास सुधारूनही गिऱ्हाईक मिळणार नाहीं, तो दुकानदार सुधारेल तरी कशाला?

चौथी, घराचा निर्णय घरानें एकत्र करावा. दुसरें दुकान दूर असेल तर पिशवी उचलून आणणारी सून असते, आणि महागाईचा हिशेब जुळविणारा मुलगा. व्रत सांगणारे वडीलधारे मात्र आरामखुर्चींत बसलेले असतात. ज्याच्या अंगावर भार पडणार, त्याची संमति नसेल तर आपण बाहेर न्याय मागतांना घरांतच अन्याय करूं. तसेंच, ज्या शेजाऱ्यास रोजचें रोज आणून खावें लागतें आणि उधारीसाठीं त्याच वाण्यावर अवलंबून राहावें लागतें, त्यानें आपल्याबरोबर दुकान सोडलें नाहीं म्हणून त्यास नांवें ठेवूं नयेत.

याहूनही बरा उपाय म्हणजे एकट्यानें लढण्याची वेळच येऊं न देणें. मुंबईंत सन १९४८ मध्यें नायगांवांत सहकारी तत्त्वावर 'अपना बाजार' सुरू झाला. सन १९७५ मध्यें मुंबई ग्राहक पंचायतीनें शेजारपाजारच्या कुटुंबांचे लहान लहान संघ करून महिन्याचें सामान एकत्र मागविण्याची पद्धत पाडली. आठदहा घरें एकत्र आलीं म्हणजे भावाबरोबर सचोटीचीही चौकशी करतां येते, आणि विक्रेत्यास तिचें उत्तर द्यावें लागतें. एकटें गिऱ्हाईक रुसलें तर दुकानदार हंसतो. आळी रुसली तर तो विचारांत पडतो.

पैसा हा मुका आहे असें म्हणतात, पण तो ज्याच्या हातीं देऊं त्याच्या वागण्यास तो दरमहा संमति देत असतो. ती संमति सदैव काढून घेण्याची आवश्यकता नाहीं. बहुतेक दुकानदार आपल्याइतकेच भले आणि आपल्याइतकेच चुकणारे असतात. परंतु ती काढून घेतां येते, हें दोघांच्याही ध्यानांत असलें पाहिजे. पुढल्या महिन्याची यादी कराल तेव्हां डाळतांदुळांच्या खालीं एक ओळ रिकामी सोडावी, आणि हें सामान कोणाच्या कोणत्या कष्टांतून आपल्या कोठीपर्यंत येतें, हें घरांतल्या मुलांस एकदां विचारून पाहावें. उत्तर त्यांस ठाऊक नसेल. मग तें शोधण्यासाठीं त्यांस बरोबर घेऊन दुकानीं जावें.